गुरुवारी येणारे मुळे सर

मुळे सर कुणालाही ‘दुखतंय का?’ असं विचारत नसत. माणसाच्या दुखण्यावर इतकी वर्षं घालवली त्यांनी, पण तो एक प्रश्न त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पेशंट समोर येऊन बसला की ते चष्मा कपाळावर सारायचे आणि विचारायचे, “दुखण्यापायी काय करायचं राहून गेलंय?” ऐकणारा आधी गोंधळायचा. कुठं ठणकतं, कुठून कळ निघते, हे सांगायची तयारी करून आलेला असायचा बिचारा. मग हळूहळू बोलायचा. कुणाचं माहेरी जाणं राहिलेलं असे, कुणाचं म्हशीची धार काढणं, कुणाचं मांडी घालून पंगतीत बसणं. सर ते लिहून घ्यायचे. त्यांच्या रजिस्टरात पेशंटच्या नावापुढे आजार नसायचा, राहून गेलेलं काम असायचं.

मी फिजिओथेरपिस्ट. माहेर सुप्याचं, नोकरी देवळाली प्रवरेच्या बाजूला एका हॉस्पिटलात. तिथल्या पुनर्वसन विभागात, वजनं आणि रबरी पट्टे ठेवायच्या कपाटाला लागून, सरांचं टेबल होतं. सर मानसशास्त्राचे. नगरच्या एका कॉलेजात बरीच वर्षं शिकवून मग संशोधनासाठी आमच्याकडे आलेले. पाठ, कंबर, गुडघे धरलेल्या माणसाच्या मनात काय चाललेलं असतं आणि त्यानं त्याचं बरं होणं कसं लांबतं, हा त्यांचा विषय. आमच्याकडच्या माणसांना तो पटवणं म्हणजे मोठं दिव्य होतं. “कंबार दुखतीय माजी, आन डोक्याच्या डाक्टरकडं धाडता व्हय? मी काय येडी हाय का?” असं म्हणून बायका तरातरा निघायच्या. सर मागोमाग दारापर्यंत जायचे. “अहो मी डॉक्टर नाहीच. मास्तर आहे मी.” मास्तर म्हटलं की बायका थांबायच्या.

अंगानं उंच आणि किडकिडीत. हातात बाजाराला नेतात तसली वायरची पिशवी. तिच्यात रजिस्टर, पाण्याची बाटली आणि औषधाच्या रिकाम्या डबीत भाजलेले शेंगदाणे. दुचाकी त्यांना शेवटपर्यंत आली नाही. नगरहून रोज एसटीनं यायचे, आणि मनमाड रस्त्यावरच्या निम्म्या कंडक्टरांच्या पाठदुखीचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. पेशंट जमिनीवर बसला तर सर खुर्चीवर कधी बसायचे नाहीत. खाली बसताना त्यांचा डावा गुडघा कट्कन वाजायचा, तो अख्ख्या विभागाला ऐकू जायचा. “ऐकलंत ना?” ते पेशंटला कौतुकानं सांगायचे, “पंचवीस वर्षं वाजतोय आणि पंचवीस वर्षं चालतोय.”

माझी त्यांची पहिली गाठ म्हणजे मी खाल्लेली बोलणी. मी नवीकोरी, अंगावर इस्त्रीचा पांढरा कोट, डोक्यात पुस्तकं. एका बाईंना मी बजावून सांगत होते, वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, वजन उचलायचं नाही, पाण्याचा हंडा तर अजिबातच नाही. बाई मान डोलावत गेल्या. सर कपाटाआडून म्हणाले, “ज्योतीबाई, म्हणजे आता या घरी जाऊन भिंतीवरच्या फोटोत बसणार का?” मला राग आला. मी म्हटलं, त्यांचा एक्स-रे बघा आधी. तर म्हणाले, “बघितला. तो फोटो आहे, भविष्य नाही. मोठ्या डॉक्टरांनी गंभीर काही नाही असं लिहिलंय खाली. तुम्ही मात्र त्यांना अशी भीती घालून पाठवलीत की ती उतरवायला मला वर्ष लागेल.” एरवी ते मला ‘अगं ज्योती’ म्हणायचे. ‘ज्योतीबाई’ म्हणाले की समजायचं, आपलं काहीतरी चुकलंय.

ते बरोबर होते हे कळायला मला वेळ लागला. दुखलं म्हणून माणूस हलायचं थांबतो, थांबला म्हणून अंग आखडतं, आखडलं म्हणून आणखी दुखतं, आणि मग हलायच्या नुसत्या विचारानंच घाम फुटतो. दुखापत कधीच भरून आलेली असते, भीती तेवढी मागे उरते. सर हे फार सोपं करून सांगायचे. सांगून झालं की डबीतले चार शेंगदाणे हातावर ठेवायचे, जणू प्रसादच.

पण सरही चुकायचे, आणि चुकले की त्यांचं काय व्हायचं ते मी दोनदा बघितलं. पहिली वेळ दत्तूची. दत्तू सुप्याच्या एमआयडीसीतला कामगार. खोकी उचलताना कंबरेत उसण भरली, त्याला तीन वर्षं झाली होती. सगळ्या तपासण्या चांगल्या होत्या, तरी कंबरेचा पट्टा सुटत नव्हता. भिंतीला टेकवून ठेवलेल्या फळीसारखा बसायचा. एकदा त्याच्याशी बोलता बोलता सरांच्या हातून शेंगदाण्यांची डबी उपडी झाली. दाणे फरशीभर. दत्तू मुलखाचा भला माणूस, चटकन खाली वाकला आणि ओंजळीत दाणे गोळा करायला लागला. सर टाळी वाजवून म्हणाले, “बघ! वाकलास की नाही?”

डबी मुद्दाम सांडली होती. दत्तू ओंजळ तशीच धरून उभा राहिला. त्याचा चेहरा लालबुंद झाला.

“म्हंजे तीन वर्सं मी सोंग करतोय म्हना की,” तो म्हणाला. “घरात समदी हेच म्हनत्यात. आता तुमी बी म्हना.” त्यानं दाणे टेबलावर नीट ठेवले, एकही न सांडता, आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सरांनी रजा टाकली आणि दोन एसट्या बदलून त्याच्या घरी सुप्याला गेले. तिथं त्यांनी त्याच्या बायकोपोरांसमोर हात जोडले, हे मला पुढे माझ्या माहेराकडून कळलं. स्वतः एवढंच म्हणाले, “दुखणं खरं होतं आणि वाकणंही खरं होतं. मी एक खरं दाखवायला दुसरं खोटं ठरवलं. फसवून बरं करायचं नसतं गं.” दत्तू पंधरा दिवसांनी परत आला. तो पुढे बरा झाला, पण सरांनी शेंगदाण्याची डबी आणणं कितीतरी दिवस बंद ठेवलं होतं.

त्यानंतर सरांच्या मनात कधीचा असलेला प्रकल्प सुरू झाला. शेतात राबणाऱ्या बायकांची कंबरदुखी, गुडघेदुखी. आम्ही कोल्हारच्या बाजूच्या वस्त्यांवर हिंडायला लागलो. पहिल्याच दिवशी अडलो. दुखणं मोजायची जगभरची रीत म्हणजे शून्य ते दहा यातला एक आकडा सांगायचा. आमच्या बायका आकडा सांगेनात. “धातलं किती म्हंजे? परिक्षा हाय का?” एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, “तुमीच टाका काय टाकायचं ते, चालतंय.” घरात सासू किंवा नवरा बसलेला असला की सगळ्यांचं एकच उत्तर, काय न्हाई, चालतंय.

एका सोमवारी सर हसत हसतच विभागात आले. वायरच्या पिशवीतून त्यांनी बांगड्यांच्या दुकानातून आणलेल्या टिकल्यांच्या पाकिटांचा ढीग टेबलावर ओतला. बारीक, मध्यम, मोठ्या. एका कागदावर माणसाच्या अंगाची बाह्यरेषा काढलेली होती, पुढून आणि पाठीमागून. “रोज संध्याकाळी जिथं दुखलं तिथं टिकली लावायची,” ते म्हणाले. “थोडं दुखलं तर बारीक, फार दुखलं तर मोठी. लिहायला नको, आकडा नको, सासूला कळायला नको. कशी आहे आयडिया?”

आयडिया फर्मास होती. बायका खुलल्या. आठवडाभरात सात सात कागद भरून यायला लागले. जन्मात कुणाला न सांगितलेली दुखणी कागदावर लालभडक उमटून यायची. एकीनं तर दोन्ही टाचांवर मोठ्या टिकल्या लावून कंबरेवर एकावर एक तीन चिकटवल्या होत्या. बाहेरगावची मोठी माणसं येऊन कागदांचे फोटो काढून गेली. सरांना कौतुकाचं वावडं होतं असं मुळीच नाही. त्या दिवसांत ते स्टँडवरच्या चहावाल्यालासुद्धा टिकल्यांची गोष्ट सांगायचे.

कामाची पद्धत साधी होती. ज्यांच्या कागदावर टिकल्या जास्त, त्यांना गटात घ्यायचं. दर आठवड्याला वस्तीवर जाऊन व्यायाम आणि बोलणं. बाई हिंडूफिरू लागली, तिचं राहून गेलेलं काम तिला जमलं, की रजिस्टरातल्या नावावर लाल रेघ मारायची आणि तिच्या जागी दुसरी घ्यायची. ज्यांचे कागद कोरे त्यांना दुखणं नाही, म्हणून त्या यादीबाहेर. कागद बघून कॉम्प्युटरवर आकडे मी भरायचे. कोऱ्या कागदापुढे शून्य. ती सगळी शून्यं माझ्या हातची आहेत.

आठ महिने गेले. कोल्हारजवळच्या एका वस्तीवर आम्ही सुमन नावाच्या बाईंकडे गेलो होतो. त्या बऱ्या झाल्या होत्या आणि त्यांच्या नावावर त्या दिवशी रेघ पडायची होती. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “आमच्या शेजारच्या यमुनाआत्याला बघा की जरा. खाटंला खिळल्यात.”

सरांनी रजिस्टर चाळलं. नाव होतं. यमुनाबाई. सात कागद, सातही कोरे.

शेजारच्या घरात आतल्या अंगाला, अंधाऱ्या खोलीत, खाटेवर त्या पडल्या होत्या. साठी उलटलेल्या. सून मंदा पाणी घेऊन आली, पदर सावरत कोपऱ्यात उभी राहिली. तिनं सांगितलं ते असं. आत्याबाईंची कंबर दोन वर्षांपासून धरत होती. कुठल्याशा दवाखान्यात फोटो काढला. तिथं सांगितलं, मणका झिजलाय, वाकलात तर कायमच्या लुळ्या व्हाल. त्यांनी आधी वाकायचं सोडलं, मग खाली बसायचं, मग उठायचं. आता कूस बदलायलाही माणूस लागतं.

सरांचा गुडघा कट्कन वाजला. ते खाटेशेजारी जमिनीवर बसले. “यमुनाबाई,” ते म्हणाले, “तुम्हाला कागद दिले होते ना? तुम्ही तर त्यावर काहीच लावलं नव्हतं.”

यमुनाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. काय विचारतोय हा माणूस, असं.

“म्या कशी लावनार टिकली?” त्या म्हणाल्या. “मालक जाऊन अकरा वर्सं झाली.”

मंदानं मान खाली घातली. मी सरांकडे बघायचं टाळलं. शेवटी तेच बोलले. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, पण आवाज त्यांचा वाटत नव्हता. “काय करायचं राहून गेलंय, बाई?”

“माज्या पायानं वावरात जायचंय,” यमुनाबाई म्हणाल्या. “पाटाच्या पाटाच्या चारीच्या पल्याड हाय. लई लांब न्हाई.”

परतताना फाट्यावर चहा सांगितला. सरांचा कप तसाच निवत राहिला. मग ते म्हणाले, “मी सातवीत असताना वडील गेले. आईचं कोरं कपाळ मी तीस वर्षं बघितलं, ज्योती. रोज. आणि मला सुचलं नाही.” मी म्हटलं, सर, मलाही नाही सुचलं, बाई असून. आता शहरात कितीतरी जणी लावतात, आपल्या डोक्यात येत नाही. ते ऐकतच नव्हते. “तू परगावचा माणूस असतास तर गोष्ट वेगळी,” ते म्हणाले. हे ते मला म्हणत नव्हते, स्वतःला म्हणत होते.

मग त्यांनी सगळे कोरे आणि एखाददुसरीच टिकली असलेले कागद बाहेर काढले. एकेका नावाची घरी जाऊन चौकशी केली. जवळजवळ सगळ्या विधवा. दोघीचौघींनी नातीकडून एखादी टिकली लावून घेतली होती, बाकीच्यांनी पाकीट देवापुढे ठेवून दिलं होतं किंवा सुनेला देऊन टाकलं होतं. कुणी तक्रार केली नाही. आपल्याला यातलं काही नाही, असं समजून गप्प बसल्या. त्या सगळ्यांना सरांनी नव्यानं गटात घेतलं, टिकल्यांऐवजी बोटानं शाईचे ठिपके सुरू केले. अहवाल लिहिताना वरच्यांनी सुचवलं की ‘काही माहिती अपूर्ण राहिली’ एवढं पुरे. सरांनी ऐकलं नाही. आपली चूक त्यांनी स्वच्छ मराठीत, स्वतःच्या नावानिशी लिहिली. त्यानंतर टिकल्यांचे फोटो काढायला कुणी आलं नाही.

बाकीच्या बायका कमीजास्त सुधारल्या. यमुनाबाई राहिल्या. आठ महिन्यांत अंग फारच आखडलं होतं. हॉस्पिटलच्या डॉक्टरांना दाखवून, धोका नाही याची खात्री करून आम्ही सुरुवात केली. काही दिवसांतच सर निवृत्त झाले, प्रकल्पही संपला. सर थांबले नाहीत. दर गुरुवारी नगरहून एसटीनं यायचे, फाट्यावर उतरायचे आणि शेताडातून वस्तीपर्यंत पायी. मला जमेल तेव्हा मी जायचे. सरांची पत्नी आधीच वारली होती, मुलगा बंगळुरात. “गुरुवार सोडून बाकीचे वार मला आता सारखेच वाटतात,” असं ते एकदा सहज बोलून गेले.

यमुनाबाईंना खाटेच्या कडेवर बसायला दीड महिना लागला. पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी सरांचं मनगट इतकं आवळलं की वळ उठले. पुढे भिंत धरून खोलीच्या दारापर्यंत. मग एका गुरुवारी ओसरीवर. त्यांचा मुलगा भाऊसाहेब त्या दिवशी शेतातून धावत आला आणि आईला उजेडात बसलेली बघून दाराशीच थबकला. सरांनी पिशवीतून शेंगदाण्याची डबी काढली. सगळ्यांना चार चार दाणे मिळाले.

दोघांची बोलणी ऐकण्यासारखी असायची. व्यायाम व्हायचे वीस मिनिटं, गप्पा दोन तास. सर आईविषयी बोलायचे. त्यांनी आईविषयी इतकं दुसऱ्या कुणाजवळ बोललेलं मला माहीत नाही. यमुनाबाई आपल्या मालकांविषयी, पाटपाण्याच्या भांडणांविषयी, मेलेल्या एका मुलीविषयी बोलायच्या. मंदा भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणायची. “खा वो, काठी झालीय नुस्ती तुमची,” यमुनाबाई दटावायच्या, “दुसऱ्याला हाडं बळकट करायला सांगता आन सोताची बगा.” सर निमूट खायचे. एरवी दिवसभर ते घर रिकामं असायचं. मुलगा-सून शेतात, नातवंडं शाळेत.

पण ओसरीच्या पुढे यमुनाबाई जाईनात. महिने गेले. पायरीपाशी आल्या की थांबायच्या, कंबरेवर हात ठेवायच्या, आणि पुन्हा खाटेवर. ती खाट आता ओसरीवरच आणून ठेवली होती. मी त्यांचे पाय तपासले. पोटऱ्यांत ताकद होती, चांगलीच होती. मी सरांना म्हटलं, अंगात कमी काही नाही, भीतीच आहे. “ती भीती घालवायचीच वेळ आपण दवडली,” सर म्हणाले. “आठ महिने, ज्योती. वेळेवर आलो असतो तर आज त्या वावरात असत्या.” मी पुष्कळ समजावलं. ते हो हो म्हणायचे, आणि पुढच्या गुरुवारी आणखी थकलेले दिसायचे. चढावर त्यांना दम लागायला लागला होता. मी तपासून घ्या म्हणून मागे लागले, तर म्हणाले, “यांना एकदा चारीपलीकडे पोचवतो, मग माझं बघू.” ज्या माणसानं हजार जणांना अंगाचं ऐकायला शिकवलं, त्याला आपलं ऐकायला सवड नव्हती. मला अजूनही त्यांचा या एका गोष्टीसाठी राग येतो.

गेल्या माघात एका शनिवारी सकाळी सर गेले. नगरच्या घरी, एकटेच. हृदयविकाराचा झटका. दूधवाल्यानं बेल वाजवली, दार उघडलं नाही. मुलगा संध्याकाळच्या विमानानं आला. अमरधामात अंत्यविधीला मी होते, दत्तू होता, दोन कंडक्टर होते. घरातलं सरांचं टेबल आवरताना मुलानं मला रजिस्टर दाखवलं. सगळी नावं लाल रेघांनी संपलेली. शेवटचं एक नाव मोकळं होतं. यमुनाबाई, वावरात जाणे.

वस्तीवर कुणी कळवलं नव्हतं. मला फोनवर सांगवेना. मी ठरवलं, गुरुवारी आपण जायचं.

ओसरीवर खाट होती, वाकळ घडी घालून ठेवलेली, आणि खाटेवर कुणी नव्हतं. आतून मंदा आली. “आत्याबाई कुठंत?” मी विचारलं. तिच्या तोंडून निघून गेलं, “वावरात,” आणि तिनं जीभ चावली.

मी चारी ओलांडून गेले. कांद्याच्या वाफ्यात यमुनाबाई खाली बसून खुरपत होत्या. सरकत सरकत, सराईतपणे. मला बघून त्या उठल्या, हात टेकायचीही गरज लागली नाही. चेहरा मात्र चोरी पकडल्यासारखा झाला.

“आज लवकर आलात? सर कुटं हायेत? वसरीवर बसल्यात का?”

“आजी, तुम्ही चालताय?” मी विचारलं. “कधीपासून?”

“दसऱ्यापासनं.” त्या खाली बघत होत्या. “तुमी वराडू नका बाई. मीच मंदाला गप बस म्हनले हुते. चालती झाले म्हनलं की तुमी नाव कापता. सुमनचं न्हाई का कापलं? बरी झाली, मंग कोन येतंय तिच्याकडं? म्हनलं ऱ्हाऊ दे. मंगळवार-बुधवार वावरात यायचं, गुरवारी खाटंवर पडायचं. दोन घटका कोन बोलतंय माज्याशी? सर आले की बोलत्यात. आईचं सांगत्यात, माजं आयकत्यात.” मग धीर करून म्हणाल्या, “सांगनार हाय मी त्यान्ला. पाडव्याला सांगनार हाय. तवर तुमी बोलू नका.”

मी बांधावर बसले. त्याही बसल्या. माझ्याच्यानं गोल गोल बोलणं झालं नाही.

“आजी, सर वारले. शनिवारी.”

यमुनाबाईंनी खुरपं मातीत रोवलं. कांद्याच्या पातीवरून हात फिरवत राहिल्या. मग एकदम चारीकडे बोट केलं. बांधावरून चारीपलीकडची त्यांची ओसरी, समोरची पायवाट आणि फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची मोरी, सगळं दिसत होतं.

“मागल्या गुरवारी हितनंच गेले,” त्या म्हणाल्या. “त्या मोरीपातूर गेले आन खाली बसले. छातीवर हात धरून. लई येळ बसले. घरात कोन न्हवतं. मला समदं दिसत हुतं वसरीवरनं. म्हनलं तांब्या घ्यावा आन पळत जावं. मला जाता येत हुतं, बाई. पाय खाली सोडले बी. आन म्हनलं, गेले तर आता समदं उघडं पडंल, मंग पुढल्या गुरवारी ते कशाला येत्याल? तशीच पडून ऱ्हायले. मग ते आपले आपन उठले. हिकडं वळून बगितलं, हात केला. म्या पडल्या पडल्याच हात केला.”